फँटसी कादंबरी स्वतः प्रकाशित करण्याआधी कुणाला वाचायला द्यावी आणि काय विचारावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १,६०,००० शब्दांची फँटसी कादंबरी लिहून झाली आहे, ती स्वतःच प्रकाशित करायची आहे आणि पहिली तीन प्रकरणं पाच मित्रमैत्रिणींना वाचायला दिली आहेत. दोघांनी ‘मस्त’ म्हणून कळवलं. एकाने सुरुवात कापायला सांगितली, एकीला नेमकी सुरुवातच सगळ्यात आवडली, आणि पाचव्याचा पत्ताच नाही. आता ऐकायचं कुणाचं, आणि पूर्ण पुस्तक वाचायला माणसं आणायची कुठून?

मला त्या पाच जणांपैकी सगळ्यात जास्त रस पाचव्यात आहे. तो बहुतेक मध्येच थांबलाय आणि आता तुम्हाला काय सांगायचं या विवंचनेत आहे. त्याला एवढंच लिहा: ‘पूर्ण केलं नसलंस तरी काही बिघडत नाही, फक्त कुठे थांबलास ते सांग. का थांबलास ते सांगता येत नसेल तर राहू दे.’ जागा कळली तरी पुरे. ‘मस्त’ हा शब्द माणूस मैत्रीखातर बोलतो, पण मैत्रीखातर कुणी पुस्तक मिटून ठेवत नाही.

मी चार फँटसी कादंबऱ्या स्वतः प्रकाशित केल्या आहेत आणि त्याच्या कितीतरी पट हस्तलिखितं दुसऱ्यांसाठी वाचली आहेत. दोन्ही बाजूंनी मार खाल्लेला असल्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

प्रकाशनपूर्व वाचक, म्हणजे ज्यांना बीटा रीडर म्हणतात ते, आपल्या पुस्तकाला गुण देतील अशी बहुतेक नव्या लेखकांची अपेक्षा असते. माझीही होती. पण ‘पुस्तक चांगलं आहे का’ हा प्रश्न त्यांना विचारायचाच नसतो. वाचताना त्यांच्या मनात काय होत गेलं तेवढं त्यांनी दाखवायचं: इथे कंटाळा आला, इथे हा कोण म्हणून मागची पानं चाळली, इथे झोप उडाली. निदान करायचं काम आपलं.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत सातव्या प्रकरणात एका खिंडीतली लढाई होती, महिनाभर घासूनपुसून लिहिलेली. चारपैकी तीन वाचकांनी ती लांबली असं लिहिलं. एकाने तर कोणते परिच्छेद उडवायचे तेही खुणा करून दिलं. मी आज्ञाधारकपणे कापत गेले. अकरा पानांची सात झाली, आणि पुढच्या वाचकांनीही ती लांबलीच म्हटलं! मग कधीतरी डोक्यात उजेड पडला. ही लढाई हरली तर नायिकेचं नेमकं काय जाणार आहे, हे मी तिसऱ्या प्रकरणात दोन पात्रांच्या गप्पांत एका ओळीत उरकलं होतं. वाचकाला ते लागलंच नव्हतं. तिसऱ्या प्रकरणात दोन पानांचा एक प्रसंग घातला, कापलेली चार पानं परत आणली, आणि त्यानंतर लढाई लांबली असं कुणी म्हणालं नाही. दुखतंय कुठे ते वाचक बरोबर सांगतो. मूळ तिथेच असेल असं मात्र नाही, आणि त्याने सुचवलेलं औषध तर बहुतेक वेळा भलत्याच रोगाचं असतं.

फँटसीतला या बाबतीतला प्रसिद्ध किस्सा १९३६ सालचा आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’चं हस्तलिखित आलं तेव्हा प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं आणि त्याच्या अहवालाबद्दल त्याला एक शिलिंग दिला. पोराने लिहिलं की पुस्तक चांगलं आहे, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल, आणि नकाशे असले की चित्रांची गरज नाही. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं ते नकाशे आणि लेखकाने स्वतः काढलेली चित्रं, दोन्हींसकट. आवडलं हे ऐकलं गेलं, चित्रं नकोत हे नाही. अभिप्राय असाच ऐकायचा असतो.

आता पहिल्या वाचनाबद्दल. प्रत्येक वाचकाकडे तुमच्या पुस्तकाचं पहिलं वाचन एकच असतं आणि ते काडेपेटीतल्या काडीसारखं एकदाच पेटतं. सगळ्याच कादंबऱ्यांना हे लागू आहे, पण फँटसीला जरा जास्तच, कारण इथे वाचक अनोळखी जगात पाऊल टाकतो आणि त्याला तिथे वाट सापडते का हेच आपल्याला बघायचं असतं. दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला तुमचे ‘छायारक्षक’ म्हणजे कोण हे आधीच ठाऊक असतं. तो शब्द पाचव्या पानावर कळतो का, हे आता त्याला विचारून काय उपयोग? लेखकाची अवस्था तर त्याहून वाईट. त्या जगात तीन-चार वर्षं राहिल्यावर काय सांगितलंय आणि काय नुसतं डोक्यात आहे, यातला फरक दिसेनासा होतो.

म्हणून सगळ्या काड्या एकदम ओढू नका. बारा वाचक मिळाले तर चार-चार जणांच्या तीन फेऱ्या करा. पहिल्या चौघांचं ऐकून दुरुस्ती करायची, आणि ती लागू पडली का ते बघायला दुसरे चार ताजे वाचक हवेत. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी उत्साहाच्या भरात एकाच दिवशी चौदा जणांना फाइल पाठवली. सहाव्या प्रकरणातली एकच चूक चौदा वेळा कळली आणि ती सुधारल्यावर दाखवायला कुणी उरलं नाही.

याच हिशेबाने, जो दोष तुम्हाला आधीच दिसतोय तो सुधारल्याशिवाय हस्तलिखित बाहेर काढू नका. ‘मधला भाग थोडा रेंगाळतो, पण बघू लोक काय म्हणतात’ असं मनात असेल तर लोक तेच म्हणणार. तुमच्या पुस्तकाला मिनिटाला २०० शब्दांचा वेग धरला तरी तेरा तास वीस मिनिटं लागतील. माणूस आपल्या आयुष्यातले एवढे तास फुकट देतोय, ते तुम्हाला माहीत असलेली गोष्ट सांगण्यात जाऊ नयेत.

माणसं कोण? घरचे आणि जिवलग मित्र पहिल्या फेरीत नकोत. ते खोटं बोलतात असं नाही. ते पुस्तकात तुम्हाला वाचतात. चौघांपैकी दोघं तरी स्वतःहून, आवडीने फँटसी वाचणारे असावेत. एक जाडजूड कादंबऱ्या वाचणारा, पण या प्रकाराची सवय नसलेला. आणि एक लिहिणारा. पक्के फँटसी वाचक फार सोशिक असतात, वीस अनोळखी नावं तोंडावर फेकली तरी ‘पुढे कळेल’ म्हणून वाचत राहतात. म्हणून तो तिसरा माणूस हवा. मात्र ‘ड्रॅगन कशाला हवाय?’ असं तो म्हणाला तर ते सोडून द्यायचं. लिहिणाऱ्याशी अदलाबदल करता येते: तुम्ही त्याचं वाचा, तो तुमचं वाचेल. आधी त्याचं वाचून द्या, सविस्तर आणि वेळेत. दुसऱ्याच्या हस्तलिखितातले दोष शोधताना स्वतःचे जितके दिसतात तितके एरवी दिसत नाहीत. फक्त लेखक-वाचकाची एक खोड सांभाळा, तो तुमचं पुस्तक त्याने कसं लिहिलं असतं ते सांगू लागतो.

अनोळखी माणसाला पूर्ण फाइल दिली आणि त्याने चोरली तर? हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. बर्न करार हा कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या सदस्य देशांत लेखनावरचा हक्क ते लिहून होताच आपोआप तयार होतो, त्याला नोंदणीची अट नाही. तारखांसह जुने खर्डे जपून ठेवा आणि झोपा. अप्रकाशित, अनोळखी लेखकाची १,६०,००० शब्दांची कादंबरी चोरण्यापेक्षा ती कुणी शेवटपर्यंत वाचणं जास्त अवघड आहे.

प्रश्नांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण उत्तरांची प्रत त्यावरच ठरते. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ येणारच. मी हस्तलिखितात तीन ठिकाणी वाचकाला थांबवते, साधारण पाव, अर्धा आणि पाऊण पुस्तकावर, आणि तिथे पान घालून लिहिते: ‘पुढे वाचण्याआधी दोन ओळी लिहा. आता पुढे काय होईल असं वाटतं? कुणाची काळजी वाटतेय? कुणावर विश्वास नाही?’ यातला पहिला प्रश्न सोन्यासारखा आहे. शेवटच्या कलाटणीबद्दल ‘मला आधीच कळलं होतं’ असं वाचक नंतर म्हणतो तेव्हा ते खरंच कधी कळलं ते त्यालाही आठवत नसतं. अर्ध्यावर लिहिलेल्या दोन ओळी हाताशी असल्या की नक्की कळतं. माझा एक गद्दार चारही जणांनी पाव पुस्तकातच ओळखला होता. त्यामुळे मी गद्दार बदलला नाही, वाचकाला तो कळलाय असं गृहीत धरून पुढचं लिहिलं, आणि प्रसंग जास्त बोचरे झाले.

बाकीचे प्रश्न साधे असतात. पुस्तक कुठे खाली ठेवलं? कुठे डोळे नुसते ओळींवरून घसरले? कोणती दोन नावं गोंधळली? कुठल्या जागी मागे जाऊन परत वाचावं लागलं? फार प्रश्न देऊ नका, वाचक परीक्षेला बसल्यासारखा वाचू लागतो.

फँटसीसाठी एक प्रश्न मात्र मी कधीच गाळत नाही: ‘या जगातल्या जादूचा नियम तुमच्या शब्दांत सांगा.’ माझ्या पहिल्या पुस्तकात प्रत्येक मंत्राची किंमत एक आठवण होती. मंत्र म्हटला की सगळ्यात ताजी आठवण जाते, असा माझा नियम. पुस्तक निघाल्यावर शेवट ‘अचानक’ वाटला असं बरेच जण म्हणाले आणि मी शेवटाला दोष देत बसले. खूप नंतर एका वाचकाशी बोलताना कळलं की तो समजत होता, कोणती आठवण द्यायची ते मांत्रिक स्वतः ठरवतो. दुसऱ्याला वाटलं होतं की सगळ्यात प्रिय आठवण जाते. नायिका शेवटी दोन मंत्र लागोपाठ म्हणते आणि पहिला मंत्र म्हटल्याचंच विसरते, ही सगळी गंमत नियम चुकीचा समजलेल्याला कशी कळणार? पुस्तक बाहेर पडण्याआधी हा एक प्रश्न विचारला असता तर दुसऱ्या प्रकरणात चार ओळी वाढवून काम भागलं असतं.

गोंधळलो, असं वाचक लिहितो तेव्हा तो कोणता गोंधळ आहे तेही बघावं लागतं. ‘हा बुरखेवाला कोण असेल?’ हे कुतूहल आहे, ते पुढे नेतं. ‘या खोलीत आत्ता नक्की कोण कोण आहे?’ हा अडथळा आहे, आणि तो दिसेल तिथे काढायचा. पहिल्या प्रकारचा गोंधळ घाबरून मिटवत बसलात तर रहस्य जाईल आणि त्या जागी माहितीचे ढीग येतील. दोन पात्रं एकमेकांना दोघांनाही ठाऊक असलेला राज्याचा इतिहास सांगत बसतात ना, ते याच घाबरटपणातून येतं.

नावांचा गोंधळ लेखकाला कधीच दिसत नाही. अर्णक, अर्वेद आणि अरण्या ही तीन माणसं माझ्या डोक्यात स्पष्ट वेगळी होती. वाचक नावाचं पहिलं अक्षर आणि लांबी बघून पुढे सरकतो, त्याला तिघंही ‘अ’वाले. शिवाय मराठीत लिहिताना काही शब्द आधीच भरलेले येतात. तुम्ही ‘राक्षस’ लिहिलंत की तुमचं वर्णन वाचण्याआधीच वाचकाच्या डोळ्यांपुढे शिंगं आणि सुळे उभे राहतात. तुमचा प्राणी वेगळा असेल तर पन्नासाव्या पानानंतर वाचकाला त्याचं चार ओळींत वर्णन करायला सांगून बघा. उत्तरं वाचून हसू येईल, आणि कदाचित शब्द बदलावासा वाटेल.

नकाशा आणि शब्दसूची पहिल्या फेरीत देऊ नका. त्यांच्याशिवाय वाचक हरवत असेल तर हरवण्याची जागा मजकुरात आहे, नकाशा ती नुसती झाकेल. आणि अंतरं मोजणारा एक तरी वाचक गाठा. सामानसुमानासह पायी चालणारं सैन्य दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जातं. माझं सैन्य दोन रात्रींत तीनशे किलोमीटर गेलं होतं, आणि एका गृहस्थांनी कागदावर हिशेब मांडून मला ते पाठवलं. बाकी तिघांच्या लक्षातही आलं नव्हतं. पण असा वाचक पुस्तक निघाल्यावर भेटण्यापेक्षा आधी भेटलेला बरा.

फाइलबद्दल थोडक्यात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर वाचकाच्या फोनवर नुसती चिन्हं दिसतील. ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, दिलं तर फोनवर अक्षर लहानमोठं करता येतं; पीडीएफवर ते नीट होत नाही. गूगल डॉक्सवर देणार असाल तर प्रत्येकाला वेगळी प्रत द्या. एकाच प्रतीवर सगळे लिहू लागले की पहिल्याने ‘इथे कंटाळा आला’ म्हटलं की बाकीच्यांनाही तिथे कंटाळा येतो. शुद्धलेखन दुरुस्त करू नका असं स्पष्ट सांगा, कारण एकदा ऱ्हस्व-दीर्घ दिसू लागलं की माणसाला गोष्ट दिसत नाही. मुदत द्या, तुमच्या लांबीला सहा आठवडे ठीक आहेत. आणि वाचन चालू असताना ‘ही सुधारलेली नवी फाइल घ्या’ असं कधीही करू नका. मी केलंय. दोन वाचक तिथेच गळाले.

अभिप्राय आला की गप्प बसायचं. १९५६ साली अमेरिकेत मिलफर्ड इथे विज्ञानकथा लेखकांची कार्यशाळा सुरू झाली आणि तिच्यावरून एक पद्धत रूढ झाली: सगळे पाळीपाळीने बोलतात, लेखक तोंड उघडत नाही, शेवटी त्याची पाळी येते. पत्रातून अभिप्राय येतो तेव्हाही हेच पाळा. ‘अहो, ते पुढे नवव्या प्रकरणात येतं’ असं समजावून सांगितलंत तर तो वाचक सुधारेल, पुस्तक नाही. आभार माना, फार तर एक खुलाशाचा प्रश्न विचारा आणि आठवडाभर फाइल उघडू नका. पहिल्या दिवशी जो शेरा मूर्खपणाचा वाटतो तोच आठव्या दिवशी बरोबर वाटतो, असं माझ्याबाबतीत इतक्यांदा झालंय की मी आता पहिल्या दिवसाच्या मतावर विश्वासच ठेवत नाही.

मग एक तक्ता करा: प्रकरण, जागा, वाचकाला काय झालं, आणि अगदी शेवटच्या रकान्यात त्याने सुचवलेला उपाय. पहिल्यांदा वाचताना तो शेवटचा रकाना झाकून ठेवा. मग तुमच्या त्या भांडणाऱ्या दोघांसारखी प्रकरणं सोपी होतात. एक म्हणतो कापा, एक म्हणते तेच उत्तम. पण दोघांचं बोट एकाच जागेवर आहे. बहुधा तुमच्या सुरुवातीत काहीतरी जोरदार आहे आणि त्यासोबत काहीतरी भार आहे. तिला आवडलेलं वाक्य कोणतं आणि त्याला थकवणारं कोणतं, एवढं दोघांना विचारा. ती दोन वेगवेगळी वाक्यं असण्याची शक्यता मोठी आहे. तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर तिथे काम करायचंच. एकट्याने ठेवलं तर सोडता येतं. अपवाद एकच, तो शेरा वाचताना पोटात खड्डा पडला तर. तेव्हा समजावं की हे आपल्याला आधीपासून माहीत होतं.

स्वतः प्रकाशित करणाऱ्याला एक धोका जास्त असतो: मध्ये संपादक उभा नसतो आणि प्रकाशित करायचं बटण कायम समोर असतं. किंडल डायरेक्ट पब्लिशिंगवर, म्हणजे अमेझॉनच्या स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याच्या सेवेवर, पुस्तक निघाल्यावरही मजकुराची फाइल बदलता येते, म्हणून अनेकांना वाटतं की आधी काढू आणि लोकांच्या परीक्षणांवरून सुधारू. फाइल बदलते, पण जुन्या फाइलवर आलेली परीक्षणं तिथेच राहतात. प्रकाशनाच्या तोंडावर ज्यांना आगाऊ प्रत द्यायची ते वाचक वेगळे. त्यांच्याकडून दुरुस्ती मागायची नसते, परीक्षण आलं तर हवं असतं. अमेझॉनवर घरच्यांची आणि जवळच्या मित्रांची परीक्षणं चालत नाहीत. फुकट प्रत देता येते, पण त्या बदल्यात परीक्षणाची अट घालता येत नाही. बीटा वाचकांचा अभिप्राय पैसे घेऊन काम करणाऱ्या संपादकाची जागाही घेत नाही, आणि मुद्रितशोधन त्याहून नंतर, सगळ्यात शेवटी.

तुमच्या पाच जणांची तीन प्रकरणांपुरती काडी जळून गेली आहे, पण चौथ्या प्रकरणापासून ते अजून ताजे आहेत. ज्या दोघांनी ‘मस्त’ म्हटलं त्यांना आता काही देऊ नका. शेवटच्या फेरीसाठी ठेवा. भांडणाऱ्या दोघांना वरचा प्रश्न विचारा. पूर्ण पुस्तकासाठी नवे चार शोधा, आणि त्यांना तीन नव्हे, सगळी प्रकरणं एकदम द्या, कारण १,६०,००० शब्द जास्त आहेत की नाही हे तीन प्रकरणांवरून कुणालाच सांगता येणार नाही. पाचवा कुठे थांबला ते कळलं की ती जागा आणि तिच्या आधीची दहा पानं एकदा मोठ्याने वाचून बघा, नव्या चौघांना फाइल पाठवायच्या आधी.